भुंकतो, चावतो, जेवत नाही

मळ्यावर किंवा वाड्यात जो कुत्रा असायचा त्याच्याविषयी कुणी तक्रार करत नसे. रात्री भुंकणं हे त्याचं कामच होतं. तो अंगण उकरायचा, उरलेली भाकरी-कालवण खायचा, दिवसभर गावभर हिंडून तिन्हीसांजेला दारात येऊन पडायचा. शी कुठे केली, एकटा असताना काय केलं, पाहुण्यांवर का गुरगुरला, हे प्रश्न कुणाच्या डोक्यातही येत नसत. त्याचे भाऊबंद आता कोथरूडमध्ये, ठाण्यात, नाशिकच्या गंगापूर रोडवर सातव्या-आठव्या मजल्यावर राहतात आणि एकेकाळी ज्यासाठी त्याला भाकरी मिळायची, त्याच कामांसाठी आता सोसायटीची नोटीस येते. अर्थात वाड्याचे गोडवे गाण्यातही अर्थ नाही. त्या काळी वेतातली बरीच पिल्लं जुलाबांनी जात, मोठी कुत्री गोचिडांनी आटत आणि पिसाळल्याची नुसती शंका आली तरी गाव दगड घेऊन मागे लागत असे. आजचा घरातला कुत्रा जास्त जगतो, जास्त खातो आणि जास्त कंटाळतो.

इथे फक्त घरात पाळलेल्या कुत्र्यांच्या अडचणींचा विचार केला आहे. रस्त्यावरची कुत्री, त्यांच्या नसबंदीचे २०२३ चे नियम, २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यावरून झालेली उलथापालथ हा वेगळा विषय आहे आणि तो या विषयात कालवला की दोन्हींचा चोथा होतो.

कुत्रा पाळणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा 'हे बंद कसं करायचं?' असा असतो. माझ्या मते तो फार पुढचा प्रश्न आहे. आधी विचारायला हवं की त्याला काही दुखतंय का. आठ वर्षांचा शांत लॅब्राडॉर अचानक मुलांवर गुरगुरू लागला, तर त्याचा स्वभाव बिघडला असं घरचे म्हणतात. खुब्याचा एक्स-रे काढला की वेगळंच निघतं. घरात कधीही न मुतणारी कुत्री सोफ्यापाशी मुतू लागली, तर ती सूड घेत नसते. मूत्राशयाचा संसर्ग असतो, कधी मधुमेह असतो. सारखे पंजे चाटणाऱ्याला बऱ्याचदा बुरशी किंवा अ‍ॅलर्जी असते, माती खाणाऱ्याच्या पोटात कधी जंत असतात. प्रौढ कुत्र्याचं वागणं एकाएकी बदललं, तर प्रशिक्षकाला फोन करण्याआधी पशुवैद्याकडे जावं. एवढा एक नियम पाळला तरी बरीच मारझोड टळेल.

मारझोड हा शब्द मुद्दाम वापरला. 'बॉस कोण ते त्याला कळलं पाहिजे' हे वाक्य आपल्याकडे अजून ठणकावून सांगितलं जातं. मालकानं आधी जेवायचं, दारातून आधी बाहेर पडायचं, कुत्र्यानं ऐकलं नाही तर त्याला उताणा पाडून दाबून धरायचं, हे सगळं त्याच झाडाचं फळ. त्याचं मूळ १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल या स्विस अभ्यासकानं बंदिस्त लांडग्यांवर लिहिलेल्या निबंधात सापडतं. एकमेकांशी नातं नसलेले लांडगे एका कुंपणात कोंडले की ते भांडतात आणि त्यांच्यात वरचढ-खालचढ ठरते, हे त्यानं पाहिलं होतं. अमेरिकेतले लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे ही कल्पना घरोघर पोचली. पुढे मेक यांनी मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये स्वतःच लिहिलं की कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्लं. तिथे सिंहासनासाठी झुंजी चालत नाहीत. आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवा, अशी विनंतीही त्यांनी प्रकाशकाला केली. ज्यानं ही कल्पना पसरवली त्यानंच ती मागे घेतली, तरी आपल्याकडे ती रविवारच्या ट्रेनिंग क्लासात जोरात आहे. मार खाल्लेला कुत्रा गप्प बसतो, त्यामुळे उपाय लागू पडल्यासारखा वाटतो. तो शिकतो एवढंच की हा माणूस जवळ आला की धोका आहे.

अपराधीपणाच्या चेहऱ्याचंही असंच. आपण कामावरून येतो, उशी फाटलेली असते, कुत्रा कान पाडून कोपऱ्यात बसलेला असतो आणि आपण म्हणतो, बघा, चूक केल्याचं त्याला बरोबर कळतंय. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्र्यानं मनाई केलेला खाऊ खाल्ला की नाही, हे मालकाला कधी खरं सांगितलं, कधी खोटं. तो 'ओशाळा' चेहरा कुत्र्यानं काय केलं यावर ठरत नव्हता, मालक रागावला की नाही यावर ठरत होता. कुत्रा बक्षीस किंवा रागावणं जोडतो ते क्षण-दोन क्षणांपूर्वीच्या कृतीशी. तीन तासांपूर्वीच्या उशीबद्दल आता ओरडलात, तर त्याच्या लेखी ती शिक्षा तुम्ही घरी येण्याबद्दलची असते.

पिल्लापासून सुरुवात करू, कारण पुढच्या निम्म्या कटकटी तिथेच पेरल्या जातात. आपल्या बाजारात 'पस्तीस दिवसांचं पिल्लू' सर्रास विकलं जातं. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, पण लहान पिल्लू गोजिरवाणं दिसतं आणि पैदास करणाऱ्याचा खाण्याचा खर्च वाचतो. मधल्या तीन आठवड्यांत पिल्लू भावंडांशी दंगा करताना चावा किती जोरात घ्यायचा हे शिकत असतं. जास्त जोरात चावलं की भावंड केकाटतं, खेळ थांबतो, आई दूर ढकलते. ही शाळा बुडवून आलेलं पिल्लू आपल्या हाता-पायांवर तो धडा गिरवतं. त्याचे दुधाचे २८ दात सुईसारखे असतात आणि चौथ्या महिन्यापासून ते पडून ४२ पक्के दात यायला लागतात, तेव्हा हिरड्या शिवशिवतात. उपाय सोपा आणि कंटाळवाणा आहे: हात खेळणं म्हणून द्यायचा नाही, दात लागले की खेळ तिथेच थांबवून उठायचं, चावायला वेगळं काहीतरी कायम हाताशी ठेवायचं. घरातल्या सगळ्यांनी तेच करायचं. आजोबा हात चावू देतात आणि आई ओरडते, अशा घरात पिल्लू फक्त आजोबांना शोधायला शिकतं. तोंड दाबून धरणं, नाकावर टिचकी मारणं यांनी काही पिल्लांना उलट चेव येतो.

या वयाचा खरा पेच मात्र दुसराच आहे. तिसऱ्या ते साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यात पिल्लाला जे दिसतं, ऐकू येतं, ज्याचा वास येतो, ते त्याच्या लेखी 'नेहमीचं' होतं. जॉन स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९६५ च्या त्यांच्या ग्रंथात हे पक्कं मांडलं. नेमक्या याच काळात लसी अर्ध्यावर असतात. आईच्या दुधातून आलेलं संरक्षण ओसरत असतं आणि पार्वोचा विषाणू रस्त्यावरच्या मातीत महिनोन्महिने तग धरतो. म्हणून डॉक्टर सांगतात, सगळ्या लसी होईपर्यंत खाली नेऊ नका. मालक ते तंतोतंत पाळतो आणि चार महिन्यांचं पिल्लू पहिल्यांदा खाली उतरतं तेव्हा रिक्षा, छत्री, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत येणारे आजोबा, सगळ्यांना घाबरतं. भीतीतून भुंकतं, मग त्याला 'अ‍ॅग्रेसिव्ह' म्हणतात. दोन्ही साधता येतं. पिल्लाला कडेवर घेऊन फाटकाशी उभं राहा, रिक्षातून चक्कर मारा, लसी झालेल्या ओळखीच्या कुत्र्याला घरी बोलवा, कुकरची शिट्टी, मिक्सर, ढोल यांचे आवाज खाऊ देत देत ऐकवा. जमिनीवर मात्र, जिथे अनोळखी कुत्र्यांची शी-शू असते तिथे, सोडू नका. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, नंतर सोळाव्या आठवड्यापर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं डोस आणि तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस, हे वेळापत्रक चुकवू नये. जंतांचं औषधही, पुष्कळ पिल्लं आईच्या पोटातूनच जंत घेऊन येतात.

शी-शूची शिस्त हा भागही त्याच काळातला. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळ झाल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्यायचं, झालं की तिथल्या तिथे खाऊ द्यायचा. घरात झालं तर न बोलता पुसायचं. नाक घासणं हा आपल्याकडचा जुना उपाय पिल्लाला एवढंच शिकवतो की माणसासमोर करायचं नाही, मग ते पलंगाखाली जाऊन करतं. फिनेलनं पुसून भागत नाही. आपल्याला वास गेलेला वाटतो, त्याला जागा बरोबर सापडते. एन्झाइम असलेले द्रव मिळतात, ते वापरावेत.

भुंकण्याच्या तक्रारीत माणसं सगळी भुंकणी एकाच पोत्यात भरतात. बेल वाजल्यावरचं भुंकणं, बाल्कनीतून खालच्या कुत्र्यांवरचं भुंकणं, जेवणाच्या टेबलापाशी मागण्यासाठीचं भुंकणं आणि घर रिकामं झाल्यावरचं भुंकणं ही चार वेगळी भांडणं आहेत. बाल्कनीला खालच्या अर्ध्या उंचीपर्यंत पडदा लावला की दुसरं पुष्कळ कमी होतं. तिसरं आपणच पोसलेलं असतं: दहा वेळा नाही म्हणून अकराव्या वेळी पोळीचा तुकडा टाकला की कुत्रा अकरा वेळा भुंकायला शिकतो.

चौथं गंभीर आहे. घरचे गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच रडणं, दार ओरबाडणं, लाळ गाळणं, एरवी शिस्तीचा असून घरात मुतणं, ही एकटेपणाच्या भीतीची लक्षणं. कोरोनाच्या टाळेबंदीत घरी आणलेल्या अनेक पिल्लांनी रिकामं घर कधी पाहिलंच नव्हतं. ऑफिसं उघडली आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. जुना फोन कॅमेरा चालू करून ठेवला तर कळतं, हा घाबरलाय की नुसता कंटाळलाय. कंटाळ्याला उपाय आहे: सकाळी फिरवताना घाई न करता वास घेऊ देणं, जेवणाचे दाणे जुन्या टॉवेलाच्या गुंडाळीत लपवून शोधायला लावणं. आपल्याकडे फिरवणं म्हणजे खाली नेऊन शी करवून आणणं असा अर्थ झाला आहे आणि तेही वॉचमनच्या हाती सोपवून. भीतीवरचा उपाय दमाचा असतो. किल्ली उचलायची आणि ठेवून द्यायची. दाराबाहेर काही सेकंद जायचं आणि परतायचं. तो घाबरायच्या आत परतायचं आणि हे अंतर आठवड्या-आठवड्यानं वाढवायचं. तीव्र असेल तर पशुवैद्य फ्लुओक्सेटिनसारखं औषध देतात. 'कुत्र्याला वेडाच्या गोळ्या' म्हणून नातेवाईक हसतात; हसू द्यावं.

सोसायटीचा प्रश्न आला म्हणून सांगतो. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला बहुमतानंही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. हे कागद व्हॉट्सअ‍ॅपवर फेकून मारणारे कुत्राप्रेमी त्याच सूचनांत स्वच्छतेची आणि शेजाऱ्यांना त्रास न देण्याची अपेक्षा आहे, हे सोयीनं विसरतात. पिशवी खिशात असणं हा निम्मा तंटा मिटवण्याचा मार्ग आहे.

आपल्याकडची आणखी एक ठळक अडचण म्हणजे आवाज. गणपतीतल्या ढोल-ताशांपासून दिवाळी, लग्नसराई, क्रिकेटचा सामना आणि एकतीस डिसेंबरपर्यंत हा हंगाम चालतो. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास. सुतळी बाँब त्याला कसा ऐकू येत असेल याची आपल्याला कल्पना करता येणार नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी डॉक्टरांना फोन करून काही होत नाही. तयारी दसऱ्यालाच सुरू करायला हवी. घरातली आतली खोली, शक्यतो खिडकी नसलेली, पंखा आणि टीव्हीचा आवाज, पलंगाखाली त्याची गादी. त्या दिवशी फटाके सुरू होण्याआधी फिरवून आणायचं, पट्ट्यावर फोन नंबर असलेला बिल्ला घालायचा. दरवर्षी दिवाळीत कुत्री घाबरून पळतात आणि हरवतात. घाबरल्यावर जवळ घेतलं तर भीतीला प्रोत्साहन मिळतं, हा समज खोटा आहे. भीती ही काही खोड नव्हे, जवळ आला तर खुशाल बसू द्या. जी कुत्री थरथरतात, काच फोडून पळू पाहतात, त्यांच्यासाठी आज चांगली औषधं आहेत, पण ती डॉक्टरांशी बोलून, आधी एकदा मात्रा पाहून. एसेप्रोमॅझिन हे जुनं औषध अजून कुठे कुठे दिलं जातं. त्यानं कुत्रा हलत नाही, आत भीती तशीच राहते. ते एकट्यानं देऊ नये, असं आता बहुतेक तज्ज्ञ सांगतात.

आता चावण्याकडे. 'काही कारण नसताना चावला' हे वाक्य जवळजवळ नेहमी चुकीचं असतं. चावण्याआधी कुत्रा बरंच सांगून चुकलेला असतो: मान फिरवतो, नसलेली झोप असल्यासारखी जांभई देतो, ओठ चाटतो, अंग ताठ करतो, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतो, शेवटी गुरगुरतो. गुरगुरण्याबद्दल मारलं की कुत्रा पुढच्या वेळी गुरगुरणं वगळतो आणि थेट चावतो. ताटलीजवळ हात नेला की गुरगुरणाऱ्याची ताटली 'सवय व्हावी' म्हणून काढून घेणं हा आणखी एक घरगुती आचरटपणा. ताटली घेण्याऐवजी जाता जाता त्यात चिकनचा तुकडा टाकत गेलं, तर माणूस जवळ येणं ही चांगली गोष्ट आहे असं त्याच्या डोक्यात बसतं. लहान मुलांना चावणारा कुत्रा बहुधा ओळखीचाच असतो आणि प्रसंग बहुधा मिठीचा, झोपमोडीचा किंवा खाण्याचा. पाच वर्षांचं मूल आणि कुत्रा, दोघं कितीही गुणी असले, तरी मोठ्या माणसाविना एका खोलीत नकोत.

चावलंच, अगदी आपल्याच लस दिलेल्या कुत्र्यानं किंवा खेळताना पिल्लानं ओरखडलं, तरी साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं जखम धुवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. जखमेतून रक्त आलं असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं, ते जखमेभोवतीच टोचतात. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं हे खरं, पण ते लस पुढे ढकलण्यासाठी नव्हे. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भारतात होतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

जातीच्या निवडीबद्दल थोडक्यात, कारण ही चूक झाल्यावर उपाय उरत नाही. २००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे चालणारा पग आला आणि घराघरांत पग झाले. त्याचं चपटं नाक ही शोभा नाही, श्वासाची अडचण आहे. तो घोरतो ते गोड म्हणून नाही. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग गार करतो. ज्याला नीट धापाही टाकता येत नाहीत तो नागपूरच्या मे महिन्यात काय करणार? सैबेरियातला हस्की पुण्यात एसीत ठेवून त्याच्या केसांचा व्हिडिओ करणाऱ्यांबद्दल न लिहिलेलं बरं. उन्हानं कुत्रा कोसळला, जीभ गडद लाल झाली, तर आधी अंगावर भरपूर पाणी आणि वारा, मग गाडी. नुसतं दवाखान्याकडे धावण्यात जीव जातो. आपल्या देशी जातींविषयीचं प्रेमही डोळसच हवं. लातूर-नांदेडकडचा कारवानी किंवा सीमेपलीकडचा मुधोळ रानात ससा धरण्यासाठी घडला आहे. त्याला रोज मोकळं धावायला मिळणार नसेल, तर केवळ अभिमानापोटी त्याला टू बीएचकेमध्ये आणू नये. गावठी पिल्लू मात्र आपल्या हवेला, आपल्या घराला सहसा चांगलं जुळतं.

खाण्याबाबत दोन टोकं दिसतात. एक, दूध-पोळीवर सगळं आयुष्य. दुसरं, 'कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला धान्य विष' असं सांगणारे नवे उपासक. २०१३ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या अभ्यासकांनी दाखवलं की पिठूळ अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं जगलेल्या प्राण्याच्या बाबतीत हे आश्चर्याचं नाही. म्हणजे भाकरी त्याला चालते. पण नुसती भाकरी, नुसता वरण-भात किंवा नुसतं उकडलेलं चिकन पुरत नाही. तिन्हींत कॅल्शियमची मारामार असते. वाढत्या पिल्लाचे पाय वाकतात ते त्यामुळे. गंमत म्हणजे उलट चूकही तितकीच होते. ग्रेट डेन, जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातीच्या पिल्लाला तयार संतुलित खाद्य चालू असताना वरून कॅल्शियमचं सिरप पाजलं जातं. या पिल्लांना जादा कॅल्शियम बाहेर टाकता येत नाही आणि हाडंच बिघडतात. शाकाहारी घरात कुत्रा जगतो का, हा प्रश्न नेहमी येतो. संतुलित केलेल्या शाकाहारावर जगतो. घरच्या उरलेल्या आमटीवर नाही.

'जेवतच नाही' ही तक्रार बहुतेक वेळा दिवसभर मिळणाऱ्या बिस्किटांची असते. ताटली पंधरा-वीस मिनिटं ठेवायची, मग उचलायची. एरवी हपापलेला कुत्रा दिवसभर जेवला नाही आणि मलूल पडला, तर मात्र वाट पाहू नये. लॅब्राडॉरचे मालक नेमकी उलटी तक्रार करतात. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण चौथ्या हिश्श्याच्या लॅब्राडॉरमध्ये पोट भरल्याचा निरोप देणारं एक जनुक बिघडलेलं असतं. त्याचे केविलवाणे डोळे खरे असतात, तरी ऐकायचं नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासात ४८ लॅब्राडॉर आयुष्यभर पाहिले गेले. पाव हिश्शानं कमी खाल्लेली कुत्री जवळजवळ दोन वर्षं अधिक जगली. लाडू भरवणाऱ्या आजींना हे सांगून पाहावं.

स्वयंपाकघरातली विषं माहीत हवीत: कांदा-लसूण, चॉकलेट, साखरविरहित च्युइंगममधलं झायलिटॉल आणि औषधाच्या डब्यातलं पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन. ताप आला म्हणून माणसाची गोळी देणं जिवावर बेततं. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. त्यामागे टार्टरिक आम्ल असावं, असं गेल्या काही वर्षांत पुढे आलं आहे आणि तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं. नाशिक-तासगावच्या द्राक्षबागांतल्या राखणदारांनी आणि चिंचगुळाच्या आमटीत भाकरी कुस्करून देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पण महाराष्ट्रात कुत्रा पाळणाऱ्याचा खरा शत्रू गोचीड आहे, विशेषतः पावसाळ्यात आणि त्यानंतर. कुत्र्यावर दिसतात त्या मूठभर असतात. बाकीच्या फरशीच्या फटीत, पडद्याच्या चुणीत, भिंतीच्या भेगांत असतात. तपकिरी गोचिडीची मादी रक्त पिऊन खाली पडते आणि हजारो अंडी घालते. पुढच्या प्रत्येक अवस्थेत पिल्लू कुत्र्यावर चढतं, रक्त पितं, पुन्हा उतरतं. म्हणून नुसत्या आंघोळीनं काही होत नाही. महिना ते तीन महिने परिणाम टिकणाऱ्या गोळ्या किंवा मानेवर घालायचे थेंब हे आज सगळ्यांत भरवशाचे उपाय आहेत. फिट येणाऱ्या कुत्र्याला मात्र गोळी डॉक्टरांना विचारूनच. बरोबर घराच्या फटींचीही फवारणी हवी, आणि ती एकदा करून थांबायचं नाही. रॉकेल लावणं, पेटत्या काडीनं चटका देणं बंद करा. चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढायची, नखानं चिरडायची नाही.

गोचिडांमधून येणारा ताप आपल्याकडे इतका सर्रास आहे की जेवण सोडलेल्या, तापलेल्या, हिरड्या पांढऱ्या पडलेल्या प्रत्येक कुत्र्याची आधी रक्ततपासणी करावी. नाकातून रक्त येणं किंवा पोटावर लाल ठिपके दिसणं म्हणजे रक्तातल्या प्लेटलेट पार घसरल्याची खूण. या तापामागच्या एहरलिकिया जिवाणूला डॉक्सिसायक्लिन सहसा चार आठवडे द्यावं लागतं, आणि तिसऱ्या दिवशी शेपूट हलवू लागला म्हणून गोळ्या थांबवणारे मालक महिन्याभरानं पुन्हा त्याच बाकावर बसलेले दिसतात. गोचिडांतूनच येणारा बॅबेसिया हा परजीवी वेगळा, त्याची औषधंही वेगळी. शेजाऱ्याच्या कुत्र्याची चिठ्ठी दाखवून दुकानातून औषध आणू नये. मुंबईत पाणी तुंबतं तेव्हा उंदरांच्या मुतातून लेप्टो येतो, त्याची लस वर्षाच्या लसीत आहे का ते विचारून घ्यावं.

बाकीची निगा किरकोळ. माणसाचा शॅम्पू नको, रोजची आंघोळ तर नकोच. लोंबत्या कानांच्या जातींचे कान पावसाळ्यात आठवड्याला तपासावेत, कापसाची काडी आत घालू नये. फरशीवर नखांची टकटक ऐकू आली की ती वाढली आहेत असं समजावं.

नसबंदीकडून लोकांच्या अपेक्षा फार असतात. त्यानं नराचं भटकणं, सगळीकडे मुतणं कमी होतं. मादीला उतारवयात गर्भाशयात पू होण्याचा धोका टळतो. भीतीतून चावणारा नर मात्र शस्त्रक्रियेनं शांत होईलच असं नाही, काही वेळा अधिक बिचकतो. म्हाताऱ्या कुत्र्याचं रात्री उठून फिरणं, भिंतीकडे बघत उभं राहणं, घरातच वाट चुकणं हा मेंदू थकल्याचा आजार असतो. त्यालाही औषध आणि आहाराची थोडी मदत होते, ओरडण्याची होत नाही.

राहिला प्रशिक्षक. आपल्याकडे कुणीही उद्यापासून स्वतःला डॉग ट्रेनर म्हणवू शकतो. 'तीन आठवडे आमच्या केनेलवर ठेवा, शिकवून देतो' यात पैसे घालण्याआधी विचार करावा: कुत्रा तिथे त्या माणसाचं, त्या जागी ऐकायला शिकतो, आणि घरी आला की घर तेच असतं. घरी येऊन कुत्र्याऐवजी घरच्यांना शिकवणारा माणूस शोधावा. त्याला एकच प्रश्न विचारावा, की कुत्र्यानं चूक केली तर तुम्ही काय करता? उत्तरात झटका, काटेरी पट्टा, शॉक कॉलर किंवा 'थोडी भीती लागतेच' आलं तर चहा पाजून निरोप द्यावा.